लखनौहून जुनी आलिशान गाडी घेताय? आधी नाव, नंबर आणि तुमची योजना तपासा

रेशन, घरकुल किंवा मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचा लाभ घेणाऱ्या आणि सध्या जुनी मोठी गाडी घेण्याचा विचार करणाऱ्या कुटुंबांसाठी हे पान आहे. गाडी उत्तर प्रदेश पासिंगची असेल, म्हणजे नंबर ‘यूपी ३२’ ने सुरू होत असेल, तर ती लखनौची आहे. ती घ्यावी की नाही हे तुम्ही ठरवायचे आहे. घेतल्यावर कोणत्या योजनेवर परिणाम होतो आणि पैसे देण्याआधी काय तपासायचे, एवढे येथे सांगितले आहे.

लखनौच का, असा प्रश्न पडेल. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या तालुक्यांतील अनेक कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या व्यवसायानिमित्त उत्तर प्रदेशात आहेत. दुकान तिकडे आणि रेशनकार्ड, शेत, आई-वडील इकडे, अशी त्यांची विभागणी असते. दिवाळीला किंवा यात्रेला गावी येताना तिकडची गाडी इकडे येते आणि बऱ्याचदा इथेच राहते. त्यातून काही अडचणी उभ्या राहतात.

गाडी इतकी स्वस्त का मिळते?

पन्नास-साठ लाखांची गाडी दहा वर्षांनी पाच-सात लाखांत मिळते, हे ऐकायला खोटे वाटते, पण ते खरे असू शकते. आलिशान गाडीची किंमत पहिल्या काही वर्षांत फार झपाट्याने उतरते, कारण सुटे भाग आणि दुरुस्ती महाग असते आणि जुन्या गाडीला गिऱ्हाईक कमी असते. दुसरे कारण दिल्लीचे आहे. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पुढे २०२५ मध्ये हा विषय पुन्हा न्यायालयात गेला आणि मालकांना काही दिलासा मिळाला. मधल्या वर्षांत मात्र अनेकांनी चांगल्या गाड्या बाहेरच्या जिल्ह्यांत कमी भावात विकल्या. नोएडा आणि गाझियाबाद या क्षेत्रात येतात, लखनौ येत नाही.

ही दोन्ही कारणे सरळ आहेत. तिसरे कारण सरळ नाही. ते पुढे लखनौच्याच एका प्रकरणात पाहू. त्याआधी तुमच्या लाभाचे बघू, कारण गाडी निर्दोष असली तरी लाभ जाऊ शकतो.

गाडी नावावर आली तर कोणता लाभ जातो?

योजनांच्या नियमांत ‘चारचाकी वाहन’ एवढेच लिहिलेले असते. ते नवे की जुने, दोन लाखांचे की वीस लाखांचे, चालू की दारात उभे, असा भेद सहसा केलेला नसतो. त्यामुळे ‘आमची गाडी तर जुनीच आहे’ हे उत्तर पडताळणीत चालत नाही.

लाडकी बहीण योजनेत महिलेला दरमहा १,५०० रुपये मिळतात. कुटुंबातील सदस्याच्या नावावर चारचाकी वाहन नोंदलेले असल्यास ती महिला अपात्र ठरते. ट्रॅक्टरला यातून सूट आहे. २०२५ च्या सुरुवातीला सरकारने याच मुद्द्यावर पडताळणी हाती घेतली आणि त्यासाठी परिवहन विभागाच्या नोंदी वापरल्या. गाडी लखनौला नोंदलेली आहे, इथे कोणाला कळणार, असे समजू नका. ‘वाहन’ ही नोंदप्रणाली राष्ट्रीय आहे आणि यूपी ३२ व एमएच १० या दोन्हींची माहिती तिच्यात येते.

प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये मोटार लावलेले तीनचाकी किंवा चारचाकी वाहन असलेले कुटुंब वगळले जाते. म्हणजे येथे रिक्षासुद्धा मोजली जाते. घरकुलाच्या यादीत नाव आले आहे, पण मंजुरी बाकी आहे, अशा कुटुंबाने या काळात गाडी नावावर घेताना दोनदा विचार करावा. यादीतून निघालेले नाव परत बसवणे किती कठीण असते, ते तुमच्या ग्रामसेवकाला विचारा.

महाराष्ट्रात केशरी रेशनकार्डासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख रुपये आहे आणि कुटुंबाकडे चारचाकी यांत्रिक वाहन नसावे, अशी अट आहे. टॅक्सीचालकाला त्यातून सूट आहे. लखनौला राहून तिकडचे कार्ड काढले असेल, तर उत्तर प्रदेशातही अन्नसुरक्षेच्या अपात्रतेच्या यादीत चारचाकी वाहन आहे. दोन्ही ठिकाणी कार्ड चालू असेल, तर तो वेगळा आणि मोठा प्रश्न आहे. एका ठिकाणचे नाव स्वतःहून कमी करून घ्या.

सगळ्याच योजनांना गाडी आड येत नाही. पीएम-किसान सन्मान निधीत वर्षाला ६,००० रुपये मिळतात. त्यातून आयकर भरणारे, सरकारी कर्मचारी, ठरावीक रकमेच्या वरचे निवृत्तिवेतनधारक असे गट वगळले आहेत. गाडी असणे हा त्यात निकष नाही. ७० वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या आयुष्मान कार्डासाठी उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे आजी-आजोबांच्या उपचारावर गाडीचा परिणाम होत नाही. गाडी घेतल्याच्या भीतीने ही कार्डे परत करायला जाऊ नका.

‘गाडी फक्त तुमच्या नावावर ठेवतो’

हे वाक्य ऐकले की सावध व्हा. एखादा ओळखीचा माणूस म्हणतो, आयकराचा त्रास आहे, गाडी वहिनींच्या नावावर ठेवू, वापरू आम्ही, महिन्याला काही पैसे देऊ. किंवा म्हणतो, ही गाडी परदेशी पाठवायची आहे, निर्यातीचे कागद होईपर्यंत दोन महिने नाव तुमचे राहू द्या.

कायद्याच्या दृष्टीने ज्याच्या नावावर आरसी तो मालक. मोटार वाहन कायद्याची मालकाची व्याख्याच तशी आहे. २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केले. त्या प्रकरणात गाडी हातोहात अनेकदा विकली गेली होती, पण आरसी पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती. अपघात झाला, माणूस गेला आणि भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर आली. गाडी चालवणारा कोण, पैसे कोणी दिले, याने ती टळली नाही.

म्हणून नाव उसने देणाऱ्या बाईचा लाभ तर जातोच, पण दंडाची चलने, थकलेला कर आणि अपघात झाला तर न्यायालयाची नोटीस, हे सगळे तिच्या पत्त्यावर येते. महिन्याच्या दोन-तीन हजारांसाठी हा सौदा फार महाग आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

निर्यातीचे म्हणाल, तर खऱ्या निर्यातदाराला तुमच्या नावाची गरज नसते. गाडी त्याच्या स्वतःच्या किंवा कंपनीच्या नावे असते, त्याच्याकडे आयात-निर्यात कोड असतो आणि सीमाशुल्क विभागाकडे निर्यातीची नोंद होते. लखनौहून रुपईडीहा किंवा सोनौलीमार्गे नेपाळमध्ये गाडी नेता येते, पण तिथल्या सीमाशुल्क चौकीवर दिवसांप्रमाणे पैसे भरून मिळणारा परवाना फिरून परत येण्यासाठी असतो. तो विक्रीचा परवाना नव्हे.

लखनौचे २०२० चे प्रकरण: एक नंबर, दोन गाड्या

जून २०२० मध्ये लखनौच्या चिनहट पोलिसांनी एक टोळी पकडली आणि पन्नास चोरीच्या गाड्या ताब्यात घेतल्या. त्यांत बऱ्याच महागड्या होत्या. पुढच्या तपासात हा आकडा शंभराच्या वर गेला. टोळीची पद्धत समजून घ्या, कारण ती फक्त लखनौपुरती नाही.

मोठ्या अपघातात किंवा पुरात सापडलेल्या गाडीच्या दुरुस्तीचा खर्च तिच्या विमा उतरवलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर विमा कंपनी ती ‘टोटल लॉस’ धरते. मालकाला भरपाई मिळते आणि सांगाडा लिलावात भंगाराच्या भावात विकला जातो. कायद्याच्या कलम ५५ नुसार अशी कायमची निकामी गाडी १४ दिवसांत आरटीओला कळवून तिची नोंदणी रद्द करून घ्यायची असते. प्रत्यक्षात अनेकदा ते होत नाही. सांगाड्याबरोबर चालू स्थितीतली आरसीही विकली जाते आणि भंगारापेक्षा तिलाच जास्त भाव असतो.

मग त्याच मॉडेलची, त्याच रंगाची गाडी चोरतात. तिचा चेसिस नंबर घासून सांगाड्याचा नंबर ठोकतात, पाटी बदलतात, खरी आरसी लावतात. ऑनलाइन पाहिले तर सगळे बरोबर दिसते, कारण कागद खरेच असतात. खोटी असते ती समोर उभी असलेली गाडी.

ही गाडी तुमच्या दारात आली आणि नंतर उघड झाले, तर पोलीस ती जप्त करतात. ती मूळ मालकाला किंवा त्याला भरपाई दिलेल्या विमा कंपनीला जाते. तुम्ही दिलेले पैसे विकणाऱ्याकडून वसूल करायचे असतात आणि तो तोवर सापडत नाही. चोरीची आहे हे माहीत असून घेतली, असे सिद्ध झाले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली शिक्षाही आहे. बाजारभावापेक्षा फार कमी किंमत, रोखीचा आग्रह आणि घाई, या गोष्टी त्या वेळी तुमच्याविरुद्ध बोलतात.

मग तपासायचे कसे?

परिवहन सेवा पोर्टलवर किंवा एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. नोंदणी कोणत्या कार्यालयाची, मालक कितवा, विमा व पीयूसी कधीपर्यंत, बँकेचा बोजा आहे का, काळ्या यादीत आहे का, हे दिसते. मालकाचे नाव पूर्ण दिसत नाही, काही अक्षरे झाकलेली असतात. दिसणारी अक्षरे विकणाऱ्याच्या आधारकार्डाशी जुळवून घ्या. ई-चलनाच्या पानावर बाकी दंड वेगळा पाहावा लागतो.

आता गाडीजवळ जा. चेसिस नंबर १७ अंकाक्षरांचा असतो आणि तो एकापेक्षा जास्त जागी असतो: शरीरावर कोरलेला, पट्टीवर छापलेला, काही गाड्यांत समोरच्या काचेच्या कोपऱ्यातही. सगळीकडे तोच नंबर हवा. कोरलेल्या जागी हात फिरवा. आजूबाजूचा रंग नवा, पत्रा खरवडलेला किंवा अक्षरे वरखाली असतील तर थांबा. एक साधी खूण आहे: या नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीच नसतात. एक आणि शून्य यांच्याशी गोंधळ होऊ नये म्हणून ती वगळलेली आहेत. त्यांपैकी एखादे दिसले तर नंबर कोणीतरी हाताने बनवला आहे. आरसीवर छापलेला नंबर मात्र शून्य आणि ओ मधला फरक पाहूनच वाचा.

चोरीची नोंद तपासण्यासाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची ‘वाहन समन्वय’ सेवा आहे. नोंदणी, चेसिस आणि इंजिन नंबर टाकल्यावर ती गाडी पोलिसांच्या नोंदीत चोरीची आहे की नाही, याचा अहवाल मिळतो. पण नंबर बदललेल्या गाडीला हा अहवालही निर्दोष ठरवील, कारण सांगाडा कोणी चोरलेला नव्हता. त्यासाठी दोन गोष्टी करा. विम्याची आधीची पॉलिसी मागा आणि मोठा दावा झाला होता का, हे विमा कंपनीला विचारा. दुसरे म्हणजे त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरवर गाडी न्या. आलिशान गाड्यांची संगणकात स्वतःची ओळख असते. यंत्र जोडले की आतला नंबर पडद्यावर येतो आणि तो पत्र्यावरच्या नंबराशी जुळला पाहिजे. दुरुस्तीचा इतिहासही तिथेच निघतो. या तपासणीला काही हजार रुपये लागतील, पण येथे काटकसर करू नका. विकणारा तिथे यायला कां-कूं करत असेल, तर उत्तर मिळाले असे समजा.

जुन्या गाड्यांच्या दुकानदाराकडून घेत असाल, तर त्याचे अधिकारपत्र पाहा. १ एप्रिल २०२३ पासून अशा डीलरला आरटीओकडून पाच वर्षांसाठी अधिकारपत्र घ्यावे लागते. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की फॉर्म २९-सी ने ती नोंद पोर्टलवर होते आणि तेव्हापासून डीलर जबाबदार ठरतो.

यूपी पासिंगची गाडी महाराष्ट्रात आणताना

समजा, लखनौच्या माणसाकडून गाडी घेऊन तुम्ही ती विट्याजवळच्या गावी ठेवणार आहात. लखनौच्या आरटीओकडून (मुख्य कार्यालय ट्रान्सपोर्ट नगरला आहे) फॉर्म २८ वर ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे एनओसी, घ्यावी लागते. ती विकणाऱ्याने काढून द्यायची असते. कर्ज असेल तर आधी बँकेचे फॉर्म ३५ आणि ना-देय पत्र लागते. दंडाची चलने बाकी असतील तर गाडी अडकते. एनओसी सांगली आरटीओच्या नावे, म्हणजे एमएच १० साठी, काढायला सांगा. चुकून दुसऱ्या जिल्ह्याची निघाली तर पुन्हा लखनौची फेरी होते.

मालकी बदलाचे दोन फॉर्म म्हणजे आपण ज्याला टीटी फॉर्म म्हणतो ते: २९ विकणाऱ्याचा, ३० घेणाऱ्याचा. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि राज्याबाहेर ४५ दिवसांत कळवायचे असते, घेणाऱ्याने ३० दिवसांत. सह्या केलेले कोरे फॉर्म घेऊन गाडी पुढे पुढे विकण्याची जी पद्धत आहे, ती टाळा. मधला कोणीही कायद्याने मालक नसतो आणि शेवटी ओटीपी पहिल्या मालकाच्या मोबाइलवर जातो. तो फोन उचलत नसेल तर तुमचे काम थांबते.

इथे आल्यावर गाडी आरटीओत दाखवावी लागते. चेसिस नंबराची पेन्सिलने छाप घेतली जाते, फॉर्म २७ वर नवा नंबर मागितला जातो. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त राहणार असेल तर नवा नंबर घेणे बंधनकारक आहे. वर्षभर यूपीच्या पाटीवर फिरता येते, असा याचा सरसकट अर्थ काढू नका. मालकी बदलाची ३० दिवसांची मुदत वेगळी आहे आणि महाराष्ट्राचा कर लागू होतो तोही वेगळा.

हा कर बहुतेकांच्या हिशेबात नसतो. महाराष्ट्रात वैयक्तिक पेट्रोल गाडीवर किमतीनुसार ११ ते १३ टक्के आणि डिझेलवर १३ ते १५ टक्के एकरकमी कर आहे. बाहेरून आलेल्या गाडीला वयानुसार सूट मिळते, पण हिशेब तुम्ही दिलेल्या पाच-सात लाखांवर होत नाही, गाडीच्या मूळ किमतीवरून सुरू होतो. पन्नास लाखांच्या गाडीचा कर जुनी झाली तरी लाखांत जातो. उत्तर प्रदेशात आधी भरलेल्या कराच्या उरलेल्या भागासाठी तिकडे वेगळा अर्ज करावा लागतो. सौदा ठरवण्यापूर्वी सांगली आरटीओत मॉडेल, नोंदणीची तारीख आणि मूळ बिलाची किंमत सांगून आकडा विचारून या.

विम्याचे नाव १४ दिवसांत बदलून घ्या. नाव न बदलल्यास तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. पैसे बँकेतून द्या. एका व्यवहारात दोन लाख किंवा अधिक रोख घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे, आणि वर सांगितलेल्या प्रसंगात बँकेची नोंद हाच तुमचा पुरावा असतो.

‘थेट परदेशातून आलेली’ म्हणून कोणी गाडी दाखवली, तर एवढे लक्षात ठेवा: वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, स्टिअरिंग उजवीकडे हवे, ती मुंबई बंदरातूनच यावी आणि तिच्यावर किमतीपेक्षाही जास्त शुल्क लागते. त्यामुळे स्वस्त आणि कायदेशीर, दोन्ही असणे जवळपास अशक्य आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळमध्ये सीमाशुल्क विभागाने ‘ऑपरेशन नुमखोर’ मध्ये भूतानमार्गे आणून बनावट कागदांवर नोंदवलेल्या आलिशान गाड्या जप्त केल्या. त्यांपैकी काही नामवंतांच्या घरी होत्या. पैसेवाल्यांचे वकील तरी असतात.

गाडी विकली, पण लाभ बंद झाला?

पोर्टलवर गाडी अजून तुमच्या किंवा पतीच्या नावे दिसते का, ते पाहा. दिसत असेल तर फॉर्म २९, विक्रीचा करार किंवा पावती, घेणाऱ्याचे आधार आणि बँकेची नोंद घेऊन ज्या आरटीओत गाडी नोंदलेली आहे तिथे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. लखनौची गाडी असेल तर हा अर्ज लखनौलाच द्यावा लागेल. तिथे असलेला नातेवाईक येथे कामी येतो. घेणारा नावावर करून घेत नसेल, तर पोलीस ठाण्यातही लेखी तक्रार द्या.

गाडी भंगारात गेली असेल, तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्राचे प्रमाणपत्र लागते. भंगारवाल्याची चिठ्ठी चालत नाही.

नोंद बदलल्यावर नव्या स्थितीचे छापील पान काढा. लाडकी बहीण योजनेसाठी ते अंगणवाडी सेविकेकडे किंवा तालुक्याच्या महिला व बालविकास कार्यालयात, रेशनसाठी तहसीलच्या पुरवठा शाखेत आणि घरकुलासाठी ग्रामपंचायतीत अर्जासोबत जोडा. डीलरने फसवले असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, ऑनलाइन पैसे गेले असतील तर तात्काळ १९३० वर फोन करा. या कामांसाठी कोणालाही ओटीपी सांगावा लागत नाही.